खणातल्या दोन काचा

लॅबमधल्या यंत्राच्या खालच्या खणात आज तपासणीच्या दोन काचा पडल्या होत्या. बाईंना एकच हवी होती.

त्यांनी खण आत ढकलला आणि पुन्हा ओढून पाहिला. दोनच. दोन्हींवरच्या चिठ्ठ्या पांढऱ्याफटक, नंबराचा मागमूस नाही. वरती यंत्राचा हात आपल्या नादात रंगवलेल्या काचा उचलत होता, चिठ्ठी वाचत होता आणि ज्या त्या डॉक्टरच्या तबकात नेऊन ठेवत होता. ज्या काचेच्या चिठ्ठीतलं त्याला काही उमगत नसे, ती काच तो या खणात सोडून मोकळा होई. खण बाईंच्या ताब्यात होता.

यंत्र येण्याआधी काचा बाईच हातानं लावायच्या. तेव्हा कोणाच्या घरच्या माणसाची गाठ तपासायला आली, की तिची काच तबकात सगळ्यात वर जायची. मोठ्या डॉक्टरांना हे माहीत होतं आणि ते काणाडोळा करत. यंत्राला ना घर ना दार, त्याच्यापुढे सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. म्हणून सकाळी बहिणीची काच यंत्रात जाण्याआधी बाईंनी तिच्या चिठ्ठीवरून स्पिरिटचा बोळा फिरवला होता. खणात पडली की उचलायची, मोठ्या डॉक्टरांना दाखवायची, मग नवी चिठ्ठी लावून टाकायची. खणात एरवी काहीच नसतं. घोटाळा होईल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आता ही दुसरी कुठून तडमडली? त्यांनी दोन्ही काचा उजेडात धरल्या. दोन्हींवर सुईनं काढलेल्या मांसाचे तसेच बारीक, जांभळट धागे. काही कळेना, तेव्हा त्या दोन्ही घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टरांनी काही न विचारता पहिली काच भिंगाखाली सरकवली. "ही साफ आहे."

बाईंच्या जिवात जीव आला. दुसरी काच डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले.

"ही नाही," ते म्हणाले. "कोणाच्या आहेत?"

"एक माझ्या बहिणीची."

"कुठली?"

बाईंनी चिठ्ठ्यांकडे बोट केलं. डॉक्टरांनी काचा हातात घेतल्या, कोऱ्या चिठ्ठ्या पाहिल्या. रागावले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं असं बाईंना वाटलं.

"उरलेल्या मांसाचे मेणाचे ठोकळे नंबरासकट जागेवर आहेत ना? दुसरा कोणाचा ते शोधा आणि दोन्हींचे नवे काप काढून घ्या. आत्ताच."

बाहेर येताना बाईंनी मनात एकच मागणं मागितलं. ती वाईट काच त्या दुसरीची असू दे. असेल कोणी परकी, कुठल्या तरी घरातली, तिचं जे व्हायचं ते होवो. हे मागताना त्यांना जराही लाज वाटली नाही.

यंत्रापाशी पातळभाऊ खण उघडून आत वाकून बघत होता. मेणात बसवलेल्या मांसाचे काप काढणं हे त्याचं काम. ते इतके तलम निघत, की सगळ्या लॅबनं त्याला हे नाव ठेवलं होतं.

"बाई, खणात एक काच पडली होती का?" त्यानं हळूच विचारलं. "आमच्या हिची. स्पिरिटनं पुसली होती."

"तुम्ही कशाला पुसलीत?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच नाही का सांगितलं होतं, डबा खाताना?"

सांगितलं होतं. नव्या यंत्राची टर उडवताना, हसत हसत. चिठ्ठीवर थोडं स्पिरिट फिरवलं की झालं हे आंधळं, असं म्हणाल्या होत्या. तेव्हा पातळभाऊला हसताना ठसका लागला होता.

बाईंनी सांगून टाकलं. एक साफ आहे, एक नाही. कुठली कोणाची ते कळत नाही.

त्यानं उघडा खण आत ढकलला. मग म्हणाला, "तुमच्या बहिणीची चांगलीच असेल, बाई."

"छे, वहिनींचीच चांगली असेल," बाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मघाशी मनातल्या मनात जिच्या माथी ती काच मारली, तिच्या हातचं बाईंनी कितीदा तरी चवीनं खाल्लं होतं. घरी न्या म्हणून तिनं दिलेली लोणच्याची बरणी अजून त्यांच्या फळीवर होती. तरीही मागितलेलं त्यांना मागे घेववेना. त्याचंही तसंच चाललं असणार, हे त्याच्या पाठीकडे बघून त्यांना कळलं, आणि त्याचा रागही आला.

कापायच्या खोलीत दोघांनी आपापला ठोकळा बर्फावर ठेवला. मेण घट्ट झाल्याशिवाय काप नीट निघत नाही. पातळभाऊनं काप काढायच्या यंत्रात नवं पातं बसवलं, हात पुसले, पुन्हा पुसले.

"तुमच्या बहिणीचा आधी घेतो."

"नको. वहिनींचा घ्या."

"नाही बाई, तुमचाच होऊ द्या."

ठोकळे कधीच घट्ट झाले होते. बर्फाचं पाणी टेबलाच्या कडेपर्यंत आलं आणि खाली ठिबकायला लागलं, तरी दोघांपैकी कोणीच हात पुढे केला नाही.