काकीच्या घरची पुडी

आनशीकाकीने टोपली माझ्या खानावळीच्या ओट्यावर उतरवली. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, जिवंत होत्या. उघड्या शिंपल्याला टिचकी मारली की लगेच मिटत होत्या. दुपारी चाळीस पर्यटक जेवायला यायचे होते, वाटपही तयार होतं. मी घमेलं पुढे केलं आणि थांबले.

काकी मला बारा वर्षं तिसऱ्या देते. दर वेळी टोपलीच्या कडेला केळीच्या पानाची एक पुडी असते, तिच्या घरच्या कालवणासाठी आधीच बाजूला काढलेली. आज ती नव्हती.

"काकी, आज घरात जेवणाक काय?"

ती पदराने हात पुसत राहिली. "डाळ."

मी टोपलीच्या रिकाम्या कडेकडे बोट केलं. मग तीच म्हणाली, "आमच्या खाडीत गावल्यो नाय गो. तुजी माणसा येतली म्हणान गटाराचा घाण पाणी पडता थयच्यो आणलंय."

मी घमेलं मागे घेतलं. आता काकी रागावणार, पुन्हा माझ्याकडे यायची नाही, असं वाटलं. पण ती पायरीवर मटकन बसली.

"बरा झाला इचारलंस. वाटेत दोनदा मागे फिरललंय."

परसात खड्डा काढून आम्ही दोघींनी त्या पुरल्या. पर्यटकांना काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. दोघे-तिघे कुरकुरले, बाकीच्यांनी पुन्हा मागून घेतली.

चार दिवसांनी काकी आली. टोपली डोक्यावर तशीच ठेवून तिने आधी पानाची पुडी माझ्या हातावर ठेवली.

"पयली ही बघ."