माथ्याच्या वर

बाबांनी पस्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा म्हणाले, "आता एकदा तो डोंगर चढायचाच." आईने नाक मुरडलं, पण पाण्याच्या बाटल्या तिनेच भरल्या.

उजाडताच आम्ही तिघं निघालो. चढ अगदी छातीवर येणारा. मी चाळिशीची, तरी माझा जीव मेटाकुटीला आला. बाबा मात्र काठी टेकत, एका लयीत, कायम पुढे.

"बाबा, मानलं तुम्हाला!" मी मनापासून ओरडले.

नऊच्या सुमारास माथा आला. पलीकडे सरळसोट कडा आणि समोर पांढरंशुभ्र धुकं. ऊन पाठीवर होतं. त्या धुक्यावर आमच्या तिघांच्या भल्यामोठ्या सावल्या पडल्या होत्या आणि भोवती इंद्रधनुष्याचं कडं होतं. इतकं देखणं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आईने टाळ्या वाजवल्या, तशा तिच्या सावलीनेही वाजवल्या.

बाबा दगडावर बसून बूट सैल करू लागले. त्यांची सावली बसली नाही.

काठी टेकत, त्याच लयीत, ती धुक्यावरून वर चढत गेली. तिकडे डोंगर नव्हताच, नुसतं आभाळ होतं. आईच्या टाळ्या थांबल्या.

बरीच वर गेल्यावर सावली थांबली आणि हात हलवून बोलावू लागली.

"अगं, सोड ना," बाबा हसून म्हणाले. मी वळून पाहिलं. ते कड्याच्या टोकाशी उभे होते आणि आईने दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला होता.

"चांगली पायवाट आहे की," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पाऊल उचललं.