टेबलावरची बरणी

बस चालवताना तिच्या अंगाची एकाएकी लाहीलाही व्हायची, घामानं हात स्टिअरिंगवरून निसटायचे. पाळी जाण्याचे दिवस होते. सासूबाईंनी मायेनं शतावरी कुटून बरणी भरून दिली, तेव्हा कुठे सुनेला जरा उतार पडला. दवाखान्याच्या बाकावर सासूबाई कुजबुजल्या, “पावडरीचं सांगू नकोस हं. डॉक्टरीणबाई ओरडतील.” “ओरडू देत, आई. माझ्या भरवशावर बसभर माणसं बसतात. लपवाछपवी नको.” आत जाताच तिनं बरणी टेबलावर ठेवली. “थायरॉइडच्या गोळीबरोबर ही शतावरीही घेते. मला बस चालवणं सोडायचं नाही. चालेल का, स्पष्ट सांगा.” डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला. “घ्या, पण गोळीबरोबर नको, गोळी सकाळी, हे रात्री. रक्तही तपासू. सांगितलंत, बरं केलंत.” सासूबाई खाकरल्या. पिशवीत हात घालून त्यांनीही एक पुडी बरणीशेजारी ठेवली, “मग माझ्या गुडघ्यांचं औषध तरी कशाला लपवू?”