टोपलीतलं बाळ
परदेशात, पार्सिपनीतल्या एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे जुन्या घरसामानाच्या विक्रीत, सोनलला एक जुनं तैलचित्र दिसलं: नदी, टोपलीत तान्हं बाळ, काठावर त्याची आई. “ही तर कुंती, कर्णाला सोडतेय. घरात नको गं,” सासूबाई म्हणाल्या. विकणाऱ्या म्हातारीनं वेगळंच सांगितलं. “हा मोझेस, आमच्या धर्मग्रंथातला. राजकन्येला सापडला, आणि दूध पाजायला तिनं नकळत त्याच्या आईलाच ठेवलं. त्या आईला तो परत मिळाला.” सोनलनं चित्र घेतलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई सोनलच्या तान्ह्या मुलाला सांभाळायला पुण्याला घेऊन गेल्या. नवरा-बायकोच्या नोकऱ्या जरा स्थिरावल्या की आणायचंच होतं. ते ‘जरा’ तीन वर्षं लांबलं. आज मुलगा बाबाबरोबर परतला; आजी पुण्यातच राहिली. पुण्यात सगळे आजीला ‘आई’ म्हणत, तोही म्हणायचा. “आई कुठंय?” त्यानं विचारलं. “इथंच आहे, राजा,” सोनल म्हणाली. त्यानं दाराकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. मग चित्राखाली अवघडून उभा राहिला. “काकू, थोडं दूध मिळेल?”