स्पीकर राहू द्या, स्क्रीन दाखवा

"या लॅपटॉपचे स्पीकर ऐका साहेब. खेळातला ड्रॅगन अगदी कानाशी येऊन डरकाळी फोडतोय असं वाटेल," दुकानदार म्हणाला.

"माझ्या भावाला ऐकू येत नाही," ताई म्हणाली. "स्पीकर राहू द्या, स्क्रीन दाखवा."

दुकानदार ओशाळला. भावाने मात्र एकेका लॅपटॉपवर आपल्या ऑनलाइन खेळातल्या गुहेचा व्हिडिओ लावला आणि काळोखात हलणाऱ्या सावल्या निरखून पाहिल्या. तिसऱ्या लॅपटॉपपाशी त्याचा चेहरा खुलला.

तो लॅपटॉप घेऊन घरी येताना तो खुणांनी म्हणाला, "ताई, माझी खेळातली टोळी आता टाइप करत नाही, माइकवर बोलते. मी बहिरा आहे हे त्यांना ठाऊकच नाही. आज सांगून टाकतो. पण त्यांनी मला काढून टाकलं तर?"

"तर दुसरी टोळी बघू," ताईनेही खुणेनेच सांगितलं.

संध्याकाळी त्याने टोळीला लिहिलं, "मला ऐकू येत नाही. जन्मापासून."

ताई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

मग म्होरक्याचं उत्तर उमटलं. "म्हणजे आम्ही कान टवकारून बसायचो, तरी राक्षस आधी तुलाच दिसायचा? आजपासून सगळ्यांच्या पुढे तू चालायचं. आम्ही टाइप करू, जमेल तसं. फक्त आमच्या चुकांना हसू नकोस."

भाऊ आधीच हसत होता.