उंदरांचा वाटा

तिच्या डॉक्टर वडिलांच्या मॉरिस मोटारीचं बॉनेट उघडून नामदेव मिस्त्री हळहळला, “उंदरांनी एकही वायर ठेवली नाय, ताई. नव्या वायरी मुंबईहून आणाव्या लागतील, फार महाग. गाडीच भंगारात काढा.” वडिलांचं तेरावं परवाच झालेलं. लेक अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. दहा वर्षांत उंदीर मोटारीला शिवले नव्हते. आताच काय झालं? एवढ्यात मागच्या दारी दांडीच्या किनाऱ्यावरची मासेवाली जमना टोपली घेऊन आली. “आमच्याकडे मासे चालत नाहीत,” लेक तुटकपणे म्हणाली. “ठाव हाय, बाय. डाक्तर दर शनवारी चोरून सुक्या बोंबलांची डोकी घेत, उंदरांसाठी. पोट भरलं की वायरी खात नाय, म्हनत. सुतक म्हून मी आले नाय.” लेकीनं नाकाला पदर लावून डोकी घ्यायला टोपलीत हात घातला. “नव्या वायरी आणा, मिस्त्री,” तिनं अंगणाकडे हाक दिली. जमना हसली, “डाक्तरांनी पन पयल्यांदा असंच नाक धरलेलं, बाय.”