टांगलेली घोंगडी

वाशिमहून सुनेला आणि तान्ह्या लेकराला घेऊन येणारी बैलगाडी संस्थानच्या हद्दीवरच्या जकात नाक्यावर थांबली. वाळ्याच्या पडद्याआडून कारकून बाहेर आला. गाडीला काठ्या लावून उन्हाच्या बाजूने टांगलेली घोंगडी त्याने चिमटीत धरली. “अंगावर पांघरली तर कपडा, माफ. टांगली तर पडदा. इंग्रजी मुलखातून आलेल्या पडद्यावर जकात.” “परवा इथूनच नेली, सायब. आमच्याच मेंढ्यांची लोकर हाय,” सासू सत्यभामाबाई म्हणाली. “जकात भर, नाहीतर ठेवून जा.” “देऊन टाक, आई, तकलीफ नको,” मसाजी पुटपुटला. तिने घोंगडी खसकन ओढली. वैशाखाचं ऊन लेकराच्या तोंडावर आलं, ते किंचाळलं. काळी लोकर अंगावर पांघरून ती गाडीतच उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पसरले. लेकरावर सावली पडली. “अंगावर हाय. बराबर? मसाजी, हाक गाडी. हिंगोली येस्तोवर मी बसत न्हाई.”